आत्याच्या ओठावर जर, आणि रविवारी बारसं

मोगरा_कळी | गुरुवार, रात्री ९.४०

मंडळी, घाईतला धागा आहे, प्रस्तावना करत बसत नाही. रविवारी भावाच्या लेकीचं बारसं. बाळ त्या दिवशी बारा दिवसांचं होईल. मी एकुलती एक आत्या, म्हणजे कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान माझा. नावसुद्धा मीच सुचवलंय (इथे लिहिणार नाही, आमच्याकडची दोन माणसं हे वाचतात).

काल संध्याकाळी खालच्या ओठाच्या उजव्या कडेला चुणचुण सुरू झाली. ज्यांना होतं त्यांना कळेल. लाल मुंगी चावून गेली आहे आणि अजून तिथेच घुटमळतेय, असं काहीतरी. आज सकाळी आरशात पाहिलं तर मोहरीएवढे पाच फोड एकमेकांना चिकटून बसलेले, आत स्वच्छ पाणी. दुपारपर्यंत ओठाचा तो कोपरा टम्म. आमच्याकडे याला 'जर उठला' म्हणतात. शाळेत असल्यापासून वर्षातून एकदा-दोनदा ठरलेलं: दहावीच्या परीक्षेत, लग्नाच्या आठवड्यात, मागच्या वर्षी टायफॉइडनंतर. आई म्हणते, "उष्णता आहे अंगात. जागरणं कर अजून. सब्जा पी." इतकी वर्षं मी सब्जाच पीत आले.

या वेळी मात्र बाळाच्या धास्तीने नेटवर शोधलं. पहिलंच नाव आलं 'हर्पीस'. मी फोन पालथा ठेवला. नवऱ्याला सांगितलं तर पाच सेकंद गप्प, मग म्हणतो, "ते... तसलं असतं ना?" आता त्याला काय सांगू? मीच इयत्ता तिसरीपासून घेऊन फिरतेय हे.

तर प्रश्न दोन. हा जर म्हणजे खरंच हर्पीस का? आणि रविवारी मी बाळाच्या कानाशी तोंड नेऊ शकते का?

जुनी_जाणती | गुरुवार, रात्री १०.०५

अगं, घाबरू नकोस. आमच्या सासूबाई म्हणायच्या, अंगातला ताप ओठावाटे बाहेर पडतो, म्हणजे दुखणं उतरलं. साजूक तूप लाव रात्री. काही जणी चुना लावतात, पण तो झोंबतो. आमच्या गावाकडे तर पाल मुतली म्हणायचे आणि मुलांना चादर झटकून झोपायला सांगायचे. तुझ्या बाळाला काही होत नाही. आमच्या वेळी कुणी इतका विचार केला नाही.

दंतकथा | गुरुवार, रात्री ११.२०

मी दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे हे ओठ रोज बघते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तेच महत्त्वाचं आहे: नाही. रविवारी बाळाच्या कानाशी उघडं तोंड न्यायचं नाही, पापा घ्यायचा नाही. का ते खाली सांगते.

हो, जर म्हणजे हर्पीसच. हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू, त्याचा पहिला प्रकार. दुसरा प्रकार मुख्यतः जननेंद्रियांवर होतो आणि सगळी बदनामी त्या एका नावावरून दोघांच्याही डोक्यावर बसली आहे. तुमच्या नवऱ्याला सांगा की जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या ३.८ अब्ज लोकांमध्ये हा पहिला प्रकार आहे, म्हणजे शंभरात ६४. त्याच्या स्वतःच्या अंगात असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त आहे. फक्त त्याच्या ओठावर तो उगवत नसेल. बहुतेकांच्या बाबतीत तसंच असतं, आयुष्यभर पत्ता लागत नाही.

हा येतो कुठून? बहुतेक वेळा लहानपणी, घरातल्याच कुणाच्या तरी लाळेतून. कुणी तरी मामा, मावशी, आजोबा गालाचा-ओठाचा पापा घेतात आणि बक्षीस देऊन जातात. पहिल्यांदा शिरतो तेव्हा काही मुलांना जोरात दुखणं येतं: ताप, हिरड्या लालभडक सुजलेल्या, ब्रश लागला की रक्त, तोंडभर बारीक जखमा, सतत लाळ, मानेत गाठी. मूल पाणीसुद्धा पीत नाही. आई सांगते 'दात येताहेत' किंवा 'तोंड आलंय'. दहा-चौदा दिवसांत आपोआप बरं होतं, पण मूल पीत नसेल आणि लघवी कमी झाली असेल तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. बाकीच्या मुलांना किरकोळ ताप येतो, किंवा तोही नाही.

बरं झालं म्हणजे गेला असं मात्र नाही. तो चेहऱ्याच्या मज्जातंतूवरून चढत कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या बाजूला आत, त्या मज्जातंतूची जी गाठ आहे तिथे जाऊन बसतो. झोपूनच राहतो म्हणा. मग ताप, सर्दी, जागरण, कडक ऊन, पाळी, मनावरचा ताण, आमच्या खुर्चीवर तासभर ताणून धरलेला ओठ, असं काही झालं की उठतो आणि त्याच तंतूवरून परत खाली येतो. म्हणून दर वेळी साधारण त्याच जागी. म्हणून आधी चुणचुण आणि मग फोड. तुमची ती मुंगी म्हणजे तोच, रस्त्यात.

तेव्हा आईंचं 'उष्णता, जागरण' हे निरीक्षण शंभर टक्के बरोबर आहे, फक्त कारण उलटं लावलंय. ताप ओठावाटे बाहेर पडत नाही, ताप त्याला उठवतो.

पुढचा हिशोब असा: एक दिवस चुणचुण, दोनेक दिवस पाण्याचे फोड, मग ते फुटून ओली जखम, मग पिवळसर-तपकिरी खपली, साधारण सात ते दहा दिवसांत कातडी नवी, डाग नाही. फोडातलं पाणी आणि ओली जखम हा सगळ्यात संसर्गाचा काळ. रविवारी तुम्ही नेमक्या त्यातच असाल.

आता बाळ. मोठ्या माणसाला जे ओठापुरतं राहतं ते पहिल्या काही आठवड्यांच्या बाळात यकृतापर्यंत, मेंदूपर्यंत पोचू शकतं. क्वचित होतं, पण झालं तर बाळाला दोन-तीन आठवडे शिरेतून औषध द्यावं लागतं आणि तरी सगळी बाळं वाचत नाहीत. आईच्या अंगात जुना संसर्ग असेल तर तिच्याकडून बाळाला थोडं संरक्षण मिळतं. त्या भरवशावर मात्र पापा घ्यायचा नसतो.

जुनी_जाणती ताई, तूप लावा, खपली मऊ राहते, तडकत नाही. बोट न लावता कापसाने लावा एवढंच. चुना नको, भाजतो. आणि पाल निर्दोष आहे.

शंकासूर | शुक्रवार, सकाळी ८.१५

वा, दंतकथा. पण मला दर महिन्याला तोंड येतं, म्हणजे मलाही हाच आहे? आणि मग नागीण? तीही हर्पीस म्हणतात. मामांना झाली होती तेव्हा आजी रोज कमरेवर दोरीने मोजायची, दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो म्हणून.

दंतकथा | शुक्रवार, दुपारी १.५०

तोंड येणं वेगळं. गालाच्या आत, जिभेखाली, ओठाच्या आतल्या मऊ भागावर पांढरट-पिवळी गोल जखम, कडेने लाल, तिखट लागलं की जीव जातो: ती विषाणूची नाही आणि कुणाला लागत नाही. जर उठतो तो ओठाच्या बाहेरच्या कडेला, आधी फोड, तेही घोळक्याने. तोंडाच्या आत परतून आलाच तर टाळूच्या किंवा हिरडीच्या घट्ट भागावर येतो. दर महिन्याला तोंड येत असेल तर रक्त तपासा. लोह, बी-१२ वगैरे. ओठांचे कोपरे दोन्हीकडून चिरतात ते तिसरंच, तिथे बुरशी किंवा कवळी किंवा जीवनसत्त्वं. आणि लहान मुलाच्या नाकाखाली मधासारखी पिवळी खपली पसरत असेल तर बहुतेक जिवाणूंचा संसर्ग, त्याचं औषध वेगळं.

नागीण ही कांजण्यांच्या विषाणूची. याच घराण्यातली, पण वेगळी बाई. ती मज्जातंतूच्या पट्ट्यात, शरीराच्या एकाच बाजूला येते, त्यामुळे टोकं सहसा जुळतच नाहीत. आजींच्या दोरीने कुणाचं वाईट झालं नाही.

तात्पुरता_आयडी | शुक्रवार, रात्री ११.४५

नेहमीच्या नावाने लिहायची हिंमत नाही. वय २६. साखरपुडा ठरलाय. मागच्या महिन्यात ऑफिसच्या सवलतीत एका लॅबचं 'संपूर्ण शरीर' पॅकेज केलं. त्यात हर्पीसची रक्ततपासणी होती, मी मागितलीही नव्हती. रिपोर्टवर लाल अक्षरात पॉझिटिव्ह. फोन केला तर पलीकडच्या माणसाने विचारलं, "बाहेर संबंध आले होते का?" माझ्या ओठावर आयुष्यात कधी फोड आला नाही. तीन आठवडे झोप नाही. तिला सांगू की लग्नच मोडू?

दंतकथा | शनिवार, सकाळी ७.०५

लग्न मोडू नका. आधी रिपोर्ट नीट वाचा: पहिला प्रकार की दुसरा, आणि आयजीजी की आयजीएम (रक्तातल्या प्रतिपिंडांचे, म्हणजे अँटिबॉडींचे, हे दोन प्रकार). आयजीजी, पहिला प्रकार, पॉझिटिव्ह असेल तर त्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला केव्हातरी हा विषाणू भेटलाय. बहुधा चड्डीत असताना. आयजीएम असेल तर ती तपासणी या कामासाठी भरवशाची नाही, उगाचच पॉझिटिव्ह येते. काहीही त्रास नसलेल्या माणसाची ही तपासणी करूच नये असंच सांगितलं जातं. फोड असेल तेव्हा त्यातला द्राव कापसाच्या काडीवर घेऊन पीसीआर करतात, ती खरी तपासणी. फोड नाही तर काडी कुठे लावणार?

दुसऱ्या प्रकाराचा रिपोर्ट असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. तोही खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि खरा असला तरी संसार होतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण इथे सगळे प्रौढ आहेत. ओठावरचा पहिला प्रकार मुखमैथुनातून जोडीदाराच्या जननेंद्रियांना लागू शकतो. तेव्हा ओठावर काही उठलं असेल, नुसती चुणचुण असली तरी, चुंबन आणि ते दोन्ही बंद. फोड नसतानाही विषाणू अधूनमधून लाळेत उतरतो, त्यामुळे धोका शून्यावर येत नाही, पण खूप कमी राहतो.

तात्पुरता_आयडी | शनिवार, सकाळी ७.२०

आयजीजी. पहिला प्रकार. आईला आत्ता विचारलं. म्हणाली, "तू दीड वर्षाचा असताना आठ दिवस काही खाल्लं नव्हतंस, तोंडातून नुसती लाळ. देवाला नवस बोलले होते."

लाल_माती | शनिवार, सकाळी ९.३०

आमच्या कोल्हापूरकडचं सांगतो. मी तालमीत सात वर्षं होतो. आमच्यातल्या एका पोराला गालावर, कानामागं, मानेवर असलेच फोड उठलेले. वस्तादांना वाटलं मातीची खाज. हळद लावून परत आखाड्यात. पंधरा दिवसांत चौघांना झालं, एकाच्या तर पापणीवर. डॉक्टरांनी सांगितलं, ओठावरचाच रोग हाय, अंगाला अंग घासून पसरतोय. मग वस्तादांनी फोड असलेल्याला सरळ घरी धाडायचा नियम केला, अन् टॉवेल ज्याचा त्याचा.

नंतर वाचलं की याला इंग्रजीत पैलवानांच्याच नावानं ओळखतात. १९८९ ला अमेरिकेत मिनेसोटात पोरांचं कुस्ती शिबिर होतं, १७५ पोरं, त्यातल्या ६० जणांना झाला. म्हणजे मॅट असो नाहीतर माती, त्याला फरक पडत न्हाई.

दंतकथा | शनिवार, सकाळी १०.१०

पापणीवरून आठवलं. जर उठलेला असताना डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, धूसर दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी जखम होते. आणि घरात पडलेले स्टेरॉइडचे थेंब हात लावायचे नाहीत, जखम खोल जाते. तीच गोष्ट मलमाची. आपल्याकडे खाज-गजकर्ण-सगळ्याला-एकच अशी ट्यूब प्रत्येक घरात असते, तिच्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं. ती ओठावर नको.

ज्यांना मुळात इसब आहे, कर्करोगाची औषधं चालू आहेत किंवा प्रतिकारशक्ती कमी आहे, त्यांनी घरगुती प्रयोग करू नयेत. आणि ताप, डोकेदुखीबरोबर माणूस असंबद्ध बोलायला लागला, झटका आला तर तो ओठाचा प्रश्न राहत नाही, मोठं हॉस्पिटल. फार क्वचित होतं, पण माहीत असावं.

आमच्या धंद्यातला किस्सा: शिकत असताना आमच्या एका सरांच्या तर्जनीला नखाशेजारी ठणकणारे फोड यायचे. हातमोजे सरसकट वापरायच्या आधीच्या काळात पेशंटच्या तोंडातून बोटाला लागलेला हाच. पू समजून कापायला निघाले होते.

ऱ्हाइनकाठी | शनिवार, दुपारी २.००

जर्मनीत याला लिप्पेनहेर्पेस म्हणतात आणि कुणी आवाज खाली करत नाही. माझी टीमलीड मीटिंगमध्ये म्हणाली, "सॉरी, हेर्पेस आलाय, आज हस्तांदोलन नाही." मी पुणेरी, चहा नाकात गेला. औषधाच्या दुकानात बारीक पारदर्शक पट्ट्या मिळतात, फोडावर चिकटवायच्या. बरं लवकर होतं का माहीत नाही, पण हात जात नाही आणि वर लिपस्टिक लावता येते.

भटक्या_पाय | शनिवार, दुपारी २.३०

हिमालयात बर्फावर गेलो की तिसऱ्या दिवशी हमखास. आता सनस्क्रीनवालं लिप बाम दर दोन तासांनी लावतो, गेल्या दोन ट्रेकला वाचलो. बर्फावरून ऊन खालूनही येतं, हे ओठाला कळतं, आपल्याला नाही.

मोगरा_कळी | शनिवार, दुपारी ४.१५

सगळ्यांचे आभार. नवऱ्याला ३.८ अब्जांचा आकडा वाचून दाखवला. तो आरशासमोर जाऊन स्वतःचा ओठ बघून आला.

फोड काल फुटले, आज खपली धरतेय, कडेने अजून ओलं. भावाने बाळाच्या डॉक्टरांना फोन केला. तेही तेच म्हणाले: पापा नाही, तोंड जवळ नाही, मास्क, साबणाने हात, आणि बाळ सुस्त वाटलं, पीत नसेल, ताप आला किंवा अंगावर कुठे फोड दिसला तर वेळ न घालवता घेऊन या. वहिनीने विचारून घेतलं, तिच्या स्वतःच्या ओठावर उठलं तर दूध पाजायचं का? पाजायचं. मास्क लावून, हात धुऊन. फक्त स्तनावर फोड असेल तर त्या बाजूने नाही.

भावाची सासू मात्र नाराज. "आत्याने कुर्र केलं नाही तर बारसं कसलं? आणि मास्क लावून पाळण्यापाशी? शुभकार्यात?" आई आतून म्हणतेय, पुढे ढकला. हॉल बुक आहे, घुगऱ्यांचे हरभरे भिजत पडलेत.

जाता जाता, गोळी घेऊन उपयोग होईल का?

दंतकथा | शनिवार, संध्याकाळी ५.००

गोळीचा (असायक्लोव्हिर) खरा उपयोग चुणचुणीच्या पहिल्या दिवशी. खपली धरल्यावर फारसा नाही. मलमाने जेमतेम अर्धा-एक दिवस वाचतो, तेही लवकर आणि दिवसातून पाच वेळा लावलं तर. पण वर्षातून पाच-सहा वेळा होत असेल, किंवा लग्न-परीक्षा अशा ठरलेल्या वेळी होत असेल, तर डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेऊन गोळ्या घरात ठेवता येतात. औषध मोठं हुशार आहे. निरोगी पेशीत ते जवळजवळ निष्क्रिय असतं, विषाणूचं स्वतःचं विकर (एन्झाइम) त्याला चालू करतं आणि त्यातच विषाणूची वाढ अडते. चोराच्याच किल्लीने चोर कोंडल्यासारखं. ज्या प्रयोगशाळेतून ते आलं तिथल्या गर्ट्रूड एलियन बाईंना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. मज्जातंतूच्या गाठीत झोपलेल्याला मात्र तेही हात लावू शकत नाही, आणि लसही अजून बाजारात नाही.

जुनी_जाणती | शनिवार, संध्याकाळी ६.३०

मी काय म्हणते, चुलत आत्या नाहीत का? आमच्याकडे पाच-पाच आत्या असायच्या, कुर्र करायला भांडायच्या. नाहीतर गोविंद घ्या गोपाळ घ्या करताना बाळाऐवजी जसा वरवंटा फिरवतात, तशी तू वरवंट्याच्या कानात कुर्र कर आणि चुलतबहिणीला बाळाच्या.

(दंतकथा, तूप कापसानेच लावते गं आता.)

मोगरा_कळी | रविवार, रात्री १०.५०

झालं बारसं. नाव ओवी. आता लिहिते, हरकत नाही.

चुलतबहीण वाशीहून आली. तिने वाकून कानात नाव सांगितलं. मी पाळण्याच्या पायाकडे उभी, मास्क लावून, हातात दोरी. फोटोत मी ऑपरेशन थिएटरमधून थेट आल्यासारखी दिसतेय, पैठणी नेसून. भावाच्या सासूबाई आधी माझ्याकडे बघतही नव्हत्या. मग शेजारच्या काकूंनी ओवीला उचलून गालावर तोंड नेलं, तेव्हा त्याच पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "पापा नको हं, डॉक्टरांनी बंदी केलीय. सगळ्यांनाच." कालपर्यंत ज्यांना मास्क अशुभ होता त्या!

कुर्र होताना आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ना, तर बायका गोंधळल्या. कुर्र करणारी एक, खरी आत्या दुसरी. वहिनीची मावशी म्हणाली, दोघींनाही घाला. बहिणीला चार पडले, मला मोजून अकरा. ओठाची खपली तडकली हसताना, मास्कच्या आत.